‘मॅडम, स्पीड कमी पडतो’

आरसीसाठी माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो. आरसी म्हणजे रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, उताऱ्यावरचे प्रश्न. आयआयएमच्या प्रवेशासाठी नोव्हेंबरच्या शेवटी होणाऱ्या कॅटमध्ये पहिलाच विभाग व्हर्बलचा असतो आणि त्यातली दोन तृतीयांश जागा आरसी खाते. मी पुण्यात ही व्हर्बल शिकवते. आधी एका क्लासमध्ये शिकवत होते, आता घरीच छोट्या बॅचेस घेते. येणारे बहुतेक जण हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात नोकरी करणारे इंजिनीअर. क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, पंच्याण्णवच्या वर पर्सेंटाइल, व्हर्बलमध्ये साठ-पासष्ट. आयआयएम प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ लावतात, त्यामुळे एकूण स्कोअर कितीही चांगला आला तरी व्हर्बलपाशी गाडी अडते. आणि मग ‘मॅडम, स्पीड कमी पडतो’.

इंजिनीअरच आहेत, म्हणून मी त्यांना आधी हिशेबच करायला लावते. विभागाला ४० मिनिटं. गेली काही वर्षं प्रश्न २४, त्यांतले १६ आरसीचे : चार उतारे, प्रत्येकावर चार प्रश्न. उतारा साधारण पाचशे शब्दांचा. चारही मिळून झाले दोन हजार शब्द. मिनिटाला दोनशे शब्द हा इंग्रजी वाचनाचा संथच वेग म्हणायचा, पण तोच धरला तरी चारही उतारे वाचून व्हायला दहा मिनिटं लागतात. आता कुठलंसं अॅप लावून, डोळ्यांचे व्यायाम करून वेग दुप्पट केला, तर हाती लागतील पाच मिनिटं. मग बाकीची तीस मिनिटं जातात कुठे?

ती कुठे जातात हे मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसलं की दिसतं. स्क्रीनवर डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न. मुलगा उतारा वाचतो, प्रश्न वाचतो, दोन ऑप्शन झटकन उडवतो. इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग उरलेल्या दोघांत अडकतो. पुन्हा उतारा, पुन्हा ऑप्शन, पुन्हा उतारा. माउसचं चाक वरखाली फिरत राहतं. दोन-अडीच मिनिटांनी कंटाळून एकावर क्लिक करतो. असं सहा-सात प्रश्नांत झालं की पंधरा मिनिटं गेलीच. शेवटचा उतारा उघडतो तेव्हा घड्याळात चार मिनिटं उरलेली असतात आणि मग त्याला खरोखरच वाटतं, की आपला स्पीड कमी पडतो.

वेगवान वाचनाचं वेड जुनं आहे. अमेरिकेत एव्हलिन वुड या बाईंनी १९५९ साली त्याचे पद्धतशीर वर्गच सुरू केले होते. डोळ्यांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी घेतलेला या सगळ्या दाव्यांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. वेग फार वाढवला की समज कमी होते, आणि वाचकाला डोळ्यांपेक्षा त्याची भाषेची जाणच जास्त अडवते, असा त्याचा मथितार्थ. माझ्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती मान डोलावतात आणि पुढच्या रविवारी कुणीतरी यूट्यूबवरची नवी युक्ती घेऊन येतंच : मॅडम, ओळीच्या मधोमध नजर ठेवायची म्हणे. ठेव बाबा.

दुसरी समजूत शब्दसंग्रहाची. अप्पा बळवंत चौकात गेलात तर नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हमखास दिसेल. १९४९ साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक आपल्याकडे परीक्षेच्या निमित्ताने अजून जोरात खपतं. पुस्तक चांगलंच आहे. पण कॅटमध्ये नुसता शब्दाचा अर्थ विचारणारे प्रश्न केव्हाच हद्दपार झालेत. उताऱ्यात अडलेल्या शब्दाचा अर्थ पुढच्या-मागच्या ओळींतून बहुतेक वेळा लागतो आणि नाही लागला तरी फारसं बिघडत नाही. मुलांचा प्रश्न चुकतो तेव्हा त्या उताऱ्यातले शब्द त्यांना येत असतात. अर्थही सांगतात. वाक्यही समजलेलं असतं. समजलेलं नसतं ते एवढंच, की हे वाक्य कुणाचं आहे.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या शिकवण्याचा गाभा तोच आहे.

कॅटचे उतारे बहुतेक विद्वानांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या निबंधांतून घेतलेले असतात. ‘एऑन’सारख्या नियतकालिकांतले लेख कापून-छाटून पाचशे शब्दांत बसवलेले. अशा लेखनाची एक धाटणी असते. लेखक आधी प्रचलित मत मांडतो, मग त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचं मत मांडतो, मग हळूच दोघांपासून थोडा बाजूला सरकून स्वतःचं म्हणणं सांगतो. ते म्हणणं एखाद्या अर्ध्या वाक्यात येतं, ‘तथापि’च्या पलीकडे. पाचशे शब्दांच्या उताऱ्यात तीन माणसं बोलत असतात आणि आमची मुलं सगळी वाक्यं एकाच आवाजात वाचतात.

वर्गासाठी मी स्वतः एक उतारा तयार केला आहे. विषय एकोणिसाव्या शतकातले हिंदुस्थानातले दुष्काळ आणि रेल्वे. पहिल्या परिच्छेदात सरकारी बाजू : १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली रेल्वे वाढवण्याची शिफारस केली, धान्य मुबलक असलेल्या भागातून तुटीच्या भागात झटपट पोचेल, हा विचार. दुसऱ्या परिच्छेदात टीकाकार : याच रेल्वेने धान्य गावातून उचलून बंदरांकडे आणि चढ्या भावाच्या बाजारांकडे नेलं. तिसऱ्यात लेखक म्हणतो, की गाडी दोन्ही दिशांना धावते. धान्य भाव मिळेल तिकडे जातं. ज्याच्या हाताला काम नाही आणि गाठीला पैसा नाही त्याच्या स्टेशनात भरलेली वाघीण उभी राहिली तरी त्याच्या पोटात काही जात नाही. प्रश्न : लेखक पुढीलपैकी कोणत्या विधानाशी सहमत होईल? चार ऑप्शन. एक, रेल्वेमुळे दुष्काळ अधिक भयंकर झाले. दोन, रेल्वेमुळे तुटीच्या भागात धान्य लवकर पोचून मृत्यू कमी झाले. तीन, रेल्वेने आलेलं धान्य भुकेल्यांपर्यंत पोचणं हे त्यांच्या क्रयशक्तीवर अवलंबून होतं. चार, रेल्वेऐवजी कालव्यांवर खर्च झाला असता तर दुष्काळ टळले असते.

मराठीत असा मांडला की उत्तर सरळ तीन. वर्गात तो इंग्रजीत असतो, जरा आडवळणी वाक्यांत, आणि उत्तरं चारही बाजूंना विखुरतात. दोन नंबरवाले पहिला परिच्छेद लेखकाच्या नावावर टाकतात. एक नंबरवाल्यांना लेखक सरकारच्या विरोधात आहे हे कळलेलं असतं, म्हणून ते त्याला थेट टीकाकारांच्या पंगतीत बसवतात; वर ‘अधिक भयंकर’ हे शब्द उताऱ्यात कुणीच उच्चारलेले नाहीत, हे त्यांना दिसत नाही. सर्वांत मजेशीर चार नंबरवाले. हे बहुधा आधी यूपीएससी करून आलेले असतात. रमेशचंद्र दत्त यांनी रेल्वेपेक्षा पाटबंधाऱ्यांवर खर्च करा असा आग्रह धरला होता, हे त्यांना पाठ असतं. मुद्दा खरा, इतिहास खरा, पण उताऱ्यात कालव्याचा थेंबही नाही.

म्हणून माझा पहिला व्यायाम पेन्सिलीचा. छापील उतारा घ्यायचा आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहायचं : सरकार, टीकाकार, लेखक. दुसरं काही लिहायचं नाही. सारांश नको, अधोरेखन नको. मुलांना हा बालिश वाटतो. पहिल्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलांच्या समासातही चार-पाच वाक्यं चुकीच्या माणसाच्या नावावर गेलेली असतात, मग कुरबुर थांबते. परीक्षेत समास मिळत नाही, सगळं स्क्रीनवर. म्हणून दीड-दोन महिन्यांनी पेन्सिल काढून घेते. तोवर सवय डोक्यात मुरलेली असते.

दुसरा व्यायाम उतारा झाकून ठेवण्याचा. वाचून झालं की कागद पालथा घालायचा आणि शेजाऱ्याला दोन वाक्यांत सांगायचं, लेखकाचं म्हणणं काय. मराठीत सांगायचं. हिंदी भाषक मुलांनी हिंदीत. इंग्रजीत सांगायला दिलं तर मुलं उताऱ्यातलेच शब्द पुढेमागे करून वाक्य जुळवतात आणि समजल्याचा आव उत्तम आणतात. मराठीत तो आणता येत नाही. ‘म्हणजे तो असं म्हणतो की... म्हणजे... रेल्वे चांगली पण... नाही, चांगली असं नाही’ अशी अडखळ झाली की कुठे पाणी मुरतंय ते त्यांचं त्यांनाच कळतं.

बार्शीकडचा एक मुलगा होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, सोलापूरला मेकॅनिकल केलेलं, चाकणला नोकरी. वर्गात इंग्रजीत बोलायची वेळ आली की तो चपलांकडे बघायचा. पण हा पालथ्या कागदाचा व्यायाम सुरू झाला आणि पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे. त्याच्या वडिलांनी घरात नरहर कुरुंदकरांची पुस्तकं जमवलेली होती आणि याने ती कॉलेजच्या सुट्टीत वाचलेली. ज्यांनी कुरुंदकर वाचलेत त्यांना हे लगेच पटेल. नांदेडच्या या प्राध्यापकाची रीतच अशी, की समोरच्याचं मत आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचं, इतकं की नवखा वाचक अर्धं पान कुरुंदकरांचंच मत समजून वाचत जातो, आणि मग त्याची एकेक कडी सोडवायची. ‘जागर’ किंवा ‘शिवरात्र’ लक्ष देऊन वाचलेल्या मुलाला ‘हे कोण बोलतंय’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्याचं इंग्रजी संथ होतं, संथच राहिलं. चारऐवजी तीनच उतारे करायचा, पण त्या बारांतले नऊ-दहा बरोबर यायचे.

इथे पुन्हा हिशेब. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक वजा. सोळाच्या सोळा प्रश्न सोडवून आठ बरोबर आले तर चोवीस वजा आठ, म्हणजे सोळा. बारा सोडवून नऊ बरोबर आले तर सत्तावीस वजा तीन, म्हणजे चोवीस. मुलांना हे फळ्यावर पटतं आणि मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, बसली की विसरतात. चौथा उतारा न उघडता सोडणं त्यांना पाप वाटतं.

या हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण क्लासमध्ये तिच्याविषयी बरंच चुकीचं सांगितलं जातं. ‘खात्री नसेल तर हात लावू नका’ हा सल्ला गणिताने टिकत नाही. चारांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरीत ना फायदा ना तोटा. दोन ऑप्शन खरोखर बाद केले असतील तर उरलेल्या दोघांतला अंदाज प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक गुण देतो. ‘खरोखर’ या शब्दावर जोर. मी मुलांना वही ठेवायला लावते : ज्या ज्या प्रश्नात दोघांत अडकलात, त्याची नोंद करा, काय निवडलंत आणि बरोबर काय होतं. निम्मे बरोबर यायला हवेत. सुरुवातीला बहुतेकांचे निम्म्याहून बरेच कमी येतात. कारण तो दुसरा ऑप्शन पेपर काढणाऱ्याने नेमका त्यांच्यासाठीच रचलेला असतो. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेले, वाक्याचा पूर्वार्ध चोख आणि उत्तरार्धात एखादं ‘केवळ’, एखादं ‘नेहमी’, नाहीतर कार्यकारणाची उलटापालट.

ही चुकांची वही हेच माझं खरं पाठ्यपुस्तक. त्यात बरोबर उत्तर का बरोबर हे लिहायचं नसतं. ते सोल्यूशनमध्ये असतंच आणि वाचलं की कुणालाही पटतं. लिहायचं ते असं : मी निवडलेला ऑप्शन कुठल्या शब्दामुळे मेला? तो एक शब्द शोधून लिहायचा. ‘घाईत चूक झाली’ असं लिहिलेलं मी मान्य करत नाही. महिनाभर वही भरली की प्रत्येकाचा आजार वेगळा दिसायला लागतो. कुणी सतत फार व्यापक ऑप्शन निवडतो, कुणी एका परिच्छेदापुरता खरा असलेला. एक सीए झालेली मुलगी होती, कॉन्व्हेंटची, वाचनाचा वेग माझ्याहून जास्त. तिच्या वहीत एकच आजार पानोपानी : तिला स्वतःला पटलेलं उत्तर ती लेखकाच्या तोंडी घालायची. बाजारपेठ, शिक्षण, स्त्रियांचं काम अशा विषयांवर तिची मतं ठाम होती, आणि त्याच उताऱ्यांत ती आपटायची. प्राचीन मातीच्या भांड्यांवरच्या नाहीतर ऑक्टोपसच्या मेंदूवरच्या उताऱ्यात मात्र चारपैकी चार.

माहितीचा हा दुधारी प्रकार आहे. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषय ओळखीचा असला की समज वाढते, यात वाद नाही. म्हणून मी मुलांना ज्या विषयाचा कंटाळा येतो तेच वाचायला लावते : कलासमीक्षा, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, शहरांचा इतिहास. निदान परीक्षेत तो विषय दिसल्यावर घशाला कोरड पडू नये. पण माहिती समजण्यापुरती वापरायची आणि उत्तर देताना बाहेर ठेवायची, हे कालव्यांवर क्लिक करणाऱ्यांना शिकवणं फार जड जातं. ‘रोज द हिंदू वाचा’ हा सगळ्यांचा लाडका सल्ला मी त्यामुळेच अर्धवट मानते. कोण काय म्हणतंय हे न विचारता वाचलेले तीनशे अग्रलेख तुम्हाला चालू घडामोडींत तरबेज करतील, आरसीत नाही.

परीक्षेविषयीही माझं एक मत आहे, ते लपवत नाही. ही चाचणी संपूर्ण वाचन मोजते असं मला वाटत नाही. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेचे प्रश्न स्टुअर्ट कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना उताऱ्याशिवायच सोडवायला दिले होते. १९९० साली छापलेल्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी निव्वळ नशिबाने मिळाले असते त्याहून जास्त प्रश्न बरोबर सोडवले. म्हणजे ऑप्शन वाचणं हे स्वतंत्र कसब आहे आणि परीक्षा तेही मोजते. मी कधीकधी वर्गात हाच खेळ करते. क्लासवाल्यांच्या मॉकचे ऑप्शन दिले की मुलं उतारा न वाचता बरीच उत्तरं ओळखतात : सर्वांत लांब, सर्वांत गुळमुळीत, तो बरोबर. कॅटच्या खऱ्या पेपरात ही चलाखी चालत नाही, तिथले चुकीचे ऑप्शनही तितकेच गुळमुळीत असतात. म्हणून माझा आग्रह एकच : मॉक वेळेच्या सरावापुरते द्या, अभ्यास खऱ्या पेपरांवर करा. २०१७ पासूनचे पेपर आणि उत्तरं खुली झालेली आहेत, फुकट मिळतात. दर वर्षी एकाहून अधिक स्लॉट, प्रत्येकात चार-पाच उतारे. एवढी सामग्री नीट चावून खायला वर्ष पुरायचं नाही, आणि मुलं मात्र हजारो रुपयांच्या टेस्ट सिरीज विकत घेऊन चाळीस-चाळीस मॉक देतात. मॉक दिल्यावर त्याच दिवशी तेवढाच वेळ वही घेऊन बसणारे थोडे. ज्यांनी आठवड्याला एकच मॉक दिला आणि उरलेले दिवस त्याची चिरफाड केली त्यांचे आकडे हललेले मी पाहिलेत. बाकीच्यांचा आलेख जूनमध्ये असतो तिथेच नोव्हेंबरात.

आणि हलतो तेव्हाही तो सरळ चढत नाही. समासात नावं लिहायला लागल्यावर पहिले काही आठवडे स्कोअर उलट पडतो, कारण सवयीने होणारी गोष्ट आता विचार करून करावी लागते. याच टप्प्यावर निम्मी मुलं पद्धत सोडतात आणि पुन्हा यूट्यूबकडे वळतात. त्या सीए मुलीचं तसंच झालं. ती दिवाळीच्या आधी यायची थांबली. बार्शीच्या मुलाचा स्कोअर गणपतीपर्यंत खाली होता, नवरात्रात सावरला. कॅटमध्ये त्याला व्हर्बलला नव्वदच्या थोडं वर पर्सेंटाइल मिळालं आणि एका नव्या आयआयएमचा इंटरव्ह्यू कॉल आला. अहमदाबाद-बंगळुरूचा आला नाही, येण्यासारखा स्कोअरही नव्हता.

दर वर्षी ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. मॅडम, सात आठवडे राहिलेत, व्हर्बलचं काहीतरी करा. त्यांना मी फी न घेता सांगते : या वर्षी चारऐवजी तीन उतारे करा, तयारीचा उरलेला वेळ क्वांटला आणि डीआयएलआरला, म्हणजे डेटा आणि लॉजिकच्या विभागाला, द्या, आणि आरसी शिकायची असेल तर पुढच्या वर्षी मेमध्ये या. येताना २०१७चा पेपर सोडवून आणा, पेन्सिलीने.